‘हार्मोनची गोळी’ मध्येच बंद करू नये

माननीय संपादक महोदय,

माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीची शस्त्रक्रिया नागपुरात झाली, केमोही पूर्ण झाली. मात्र त्यानंतर पाच वर्षे रोज एक घ्यायची टॅमॉक्सिफेनची २० मिलिग्रॅमची गोळी त्यांनी आठव्याच महिन्यात सोडली. परवा कापसाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या ठेवतात त्या डब्यात चार अख्ख्या पट्ट्या सापडल्या. विचारले तर म्हणाल्या, ‘‘गाठ काढली ना, मंग हार्मोन कायले घेऊ? अंगातून नुसत्या वाफा निघतात.’’

दोष त्यांचा नाही. ‘हार्मोनची गोळी’ हे नावच फसवे आहे. थायरॉइडच्या गोळीने शरीराला कमी पडणारे हार्मोन खरोखरच मिळते. येथे काम नेमके उलटे आहे. स्तनाच्या ज्या गाठींतील पेशींमध्ये इस्ट्रोजेन हे स्त्रियांच्या शरीरातील हार्मोन येऊन बसण्याच्या जागा, म्हणजे रिसेप्टर, तपासणीत आढळतात, त्या गाठींना वाढीचा हुकूम तेथूनच मिळतो. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशी टॅमॉक्सिफेन ती जागा धरते आणि इस्ट्रोजेनला उभेच राहावे लागते. रुमाल लवकर उचलला, तर शरीरात कुठे उरलेल्या चुकार पेशींना पुन्हा खतपाणी मिळू शकते, आणि असा आजार कित्येक वर्षांनीही उलटतो. पाळी कायमची गेलेल्या स्त्रियांना बहुधा लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल देतात. त्यांनी इस्ट्रोजेन तयार होणेच कमी होते. रिसेप्टर नसलेल्या गाठीवर मात्र यांपैकी कशाचाही उपयोग नाही, म्हणून शेजारणीची गोळी पाहून आपली ठरवू नये.

वाफा हा या गोळीचा नेहमीचा त्रास आहे (आमच्याकडे मे महिन्यात तो उन्हाचा की गोळीचा, हेही कळत नाही), आणि डॉक्टरांना सांगितल्यास तो कमी करता येतो. पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर मात्र तत्काळ दाखवावे. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्या हे धोके थोड्याच जणींना असले, तरी आहेत.

जाऊबाईंच्या सुटीच्या कागदावर यातले फक्त गोळीचे नाव आणि मुदत होती, तीही इंग्रजीत. रुग्णालयांनी गोळीचे काम, मुदत आणि धोक्याच्या खुणा मराठीत छापून द्याव्यात. शिवाय राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीतील ही गोळी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नियमित मिळावी. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून एका पट्टीसाठी नागपूर गाठणे आमच्या गावच्या बाईला परवडत नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, जि. यवतमाळ