तलावातल्या दिव्यांसाठी थांबलेल्या दादांचे आभार

तलावातले दिवे एकामागून एक लुकलुकत विझत गेले आणि आम्हाला संध्याकाळचे पोहण्याचे वर्ग थांबवावे लागले. दिव्यांच्या दुकानदाराचं एकच पालुपद: तलाव रिकामा करा, सगळे दिवे बदला.

मुलीला न्यायला आलेले एक इलेक्ट्रिशियन दादा हे ऐकून स्वतःहून थांबले. आधी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घातलं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. तिथेच माझा निम्मा जीव भांड्यात पडला. मग काठावर पालथं पडून, खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून त्यांनी वरचा स्क्रू काढला. दिव्यामागे जादा केबलचं वेटोळं ठेवलेलं असतं; त्यामुळे दिवा थेट काठावर आला, पाण्याचा थेंबही उपसावा लागला नाही. काचेआड पाणी साचलेलं, पाणी अडवणारं रबरी गॅस्केट बोटाने दाबताच तुटलं.

प्रत्येक केबल मेगरने (तारेचं इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्राने) तपासून त्यांनी नव्या दिव्यांसाठी चिठ्ठी लिहून दिली: 12 व्होल्ट, आयपी68 (म्हणजे सतत पाण्याखाली राहूनही आत पाणी न शिरणारे), एलईडी, जुन्याच मापाचे, ट्रान्सफॉर्मर एसी म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज देतो, दिवाही एसीवर चालणारा घ्या. रंग बदलणारे दिवे घ्यायचा आमचा विचार त्यांनी हसत मोडून काढला. "आधी तळ स्वच्छ दिसू दे, पांढरेच घ्या." चांगल्या दिव्यांना फक्त नवी गॅस्केट बसवली.

पैसे त्यांनी घेतलेच नाहीत. ओले कपडे तसेच घेऊन, लेकीचं दप्तर उचलून निघाले. दादा, वर्ग पुन्हा सुरू झालेत. मनापासून आभार!