चित्रातल्या बाईला कोणी विचारलं होतं?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मोडेम आणि बुलेटिन बोर्डांच्या दिवसांवर आलेला लेख वाचला. लेखकाने तो काळ प्रेमाने रंगवला आहे, माहितीही पुष्कळ गोळा केली आहे. पण त्यातलं एक विधान मला फार खटकलं. तेव्हा कोणी कशावर मालकी सांगत नव्हतं, सगळे सगळ्यांना वाटत होते आणि पुढे मासिकांच्या कंपन्या वकील घेऊन आल्या म्हणून तो मोकळेपणा संपला, अशा अर्थाचं ते विधान आहे. त्या वर्षांत मी अमेरिकेत इमेज प्रोसेसिंग, म्हणजे संगणकाने चित्रांवर प्रक्रिया करणं, शिकत होते आणि संध्याकाळी एका बुलेटिन बोर्डावर आलेल्या फाइली तपासायचं काम विनामोबदला करत होते. त्यामुळे हे विधान तसंच जाऊ द्यावंसं वाटत नाही.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पहिला बुलेटिन बोर्ड १९७८ मध्ये शिकागोत सुरू झाला. कोणाच्या तरी घरात एक संगणक, त्याला मोडेम, म्हणजे संगणकाची माहिती फोनवरून पाठवणारं यंत्र, आणि फोनची लाइन. आपण आपल्या संगणकावरून तो नंबर फिरवायचा, लागला तर आत जायचं, निरोप वाचायचे, लिहायचे, फाइली उतरवून घ्यायच्या. चालवणाऱ्याला सिसॉप म्हणत. १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवा देणाऱ्या कंपनीने जिफ हा चित्रांचा प्रकार आणला आणि बोर्डांचा रंगच पालटला. २५६ रंगांतलं पडदाभर चित्र दोनेकशे किलोबाइटचं असायचं. सेकंदाला २४०० बिट पाठवणाऱ्या मोडेमवर ते उतरायला सुमारे पंधरा मिनिटं लागत. एवढी मिनिटं फोन अडवून लोक काय उतरवत होते, हे लेखकाने सभ्यपणे 'चित्रे' या शब्दात उरकलं आहे. त्यात अंतराळयानं होती, मांजरं होती, आणि फार मोठ्या प्रमाणात प्रौढांच्या मासिकांतून स्कॅन केलेले बायकांचे फोटो होते.

आणि मालकी कोणी सांगत नव्हतं, हे तर मुळीच खरं नाही. वाद रोज चालायचे, आणि फार कडाक्याचे. एक म्हणायचा, मासिक मी पैसे मोजून घेतलं, स्कॅनर माझा, मेहनत माझी, मग फाइल माझीच. दुसरा म्हणायचा, मी विकत नाही, नुसती देतोय, यात चोरी कसली? तिसरा हिशेब मांडायचा की अशाने मासिकाची जाहिरातच होते. विरोधातही माणसं होती. कोणी सांगायचं की छायाचित्रकाराचं पोट यावर आहे; कोणी म्हणायचं की एका मासिकासाठी सिसॉपच्या घरी पोलिस आले तर आपला सगळा बोर्ड जाईल. सर्वांत जास्त संताप मात्र वेगळ्याच गोष्टीवरून व्हायचा. स्कॅन करणारा चित्राच्या कोपऱ्यात आपल्या बोर्डाचं नाव आणि फोन नंबर टाकायचा. दुसऱ्या बोर्डावर कोणी ती पट्टी कापून स्वतःची लावली की पहिला खवळायचा, चोर, उचल्या म्हणायचा. मासिकाचं नाव त्याने स्वतः आधीच पुसलेलं असायचं. मी त्या भांडणांच्या लांबच लांब माळा वाचल्या आहेत. ज्यांच्या लेखी मालकी नावाची गोष्ट नव्हती, ती माणसं आपल्या पट्टीसाठी इतकी भांडली नसती.

निःस्वार्थ वाटपाचंही तसंच. पुष्कळ बोर्ड वर्गणी घेत. शिवाय बहुतेक ठिकाणी हिशेब असायचा: तुम्ही काही चढवलंत तर तेवढ्या प्रमाणात उतरवायला मिळणार. साहजिकच जे हाताशी असेल ते लोक चढवत, आणि मासिक सगळ्यांच्याच हाताशी होतं. जॉर्ज फ्रेना नावाच्या सिसॉपच्या फ्लोरिडातल्या बोर्डावर 'प्लेबॉय' या प्रौढांच्या मासिकाची १७० चित्रं सापडली. तो म्हणाला, ती वर्गणीदारांनी चढवली, मला समन्स मिळालं तेव्हा लगेच काढून टाकली. डिसेंबर १९९३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की माहीत नव्हतं हा बचाव इथे चालत नाही. चित्रं तुमच्या यंत्रावरून लोकांना दाखवली गेली आणि वाटली गेली, तेवढं पुरे. त्या चित्रांवरचा मासिकाचा मजकूर काढून तिथे फ्रेनाचं नाव, बोर्डाचं नाव आणि फोन नंबर लावलेला होता, याचीही निकालात नोंद आहे. त्याआधी, १९९३ च्या जानेवारीतच, ओहायोतल्या बोर्डमन गावी 'रस्टी अँड एडीज' या मोठ्या बोर्डावर एफबीआयचा छापा पडून यंत्रं उचलली गेली होती. त्याचा 'प्लेबॉय'शी चाललेला दावा १९९७ पर्यंत लांबला आणि बोर्ड हरला. चढवण्याच्या बदल्यात उतरवण्याची मुभा देऊन तुम्ही लोकांना उत्तेजन दिलंत, शिवाय आलेली प्रत्येक फाइल तुमची माणसं तपासून मगच पुढे सोडत होती, असं न्यायालयाचं म्हणणं.

या शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबते, कारण तो माझ्या कामाचा होता. मधल्या काळात, १९९५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या नेटकॉम या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीवरच्या खटल्यात (तिथे वाद चित्रांचा नव्हता, एका पंथाच्या मजकुराचा होता) न्यायालय म्हणालं की यंत्राने आपोआप पुढे ढकललेल्या प्रतींसाठी सेवा देणाऱ्याला थेट दोषी धरता येणार नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की तपासणारा अडकतो आणि डोळे मिटून घेणारा सुटतो, असंच चित्र दिसू लागलं. १९९८ च्या अमेरिकी डिजिटल कॉपीराइट कायद्याने मग वाट काढली: मालकाने लेखी सूचना द्यावी, चालवणाऱ्याने मजकूर काढावा, म्हणजे त्याच्यावर बालंट नाही. आजचं सगळं इंटरनेट या तडजोडीवर चालतं.

इथवर कंपन्यांची बाजू मला न्याय्यच वाटते, हे स्पष्ट लिहिते. दुसऱ्याचं काम न विचारता घ्यायचं, त्यावर आपला नंबर लावायचा आणि वर वर्गणी घ्यायची, याला स्वातंत्र्य म्हणायला मी तेव्हाही तयार नव्हते, आजही नाही. वकिलांनी मोकळेपणा मारला हे रडगाणं मला पटत नाही.

पण फ्रेनाचा निकाल आल्यानंतर आमच्या बोर्डावर जे झालं ते सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. सिसॉपने आम्हा तपासणाऱ्यांना नवा नियम दिला: कुठल्याही मासिकाची खूण दिसली, पानाची घडी दिसली, छपाईचे ठिपके दिसले की फाइल काढा, बाकीचं राहू द्या. आम्ही कामाला लागलो. छापील चित्र स्कॅन केलं की एक जाळीदार नक्षी उमटते, ती ओळखणं माझ्या विषयातलंच होतं, म्हणून शंकेच्या फाइली माझ्याकडे येत. एका संध्याकाळी अशीच एक फाइल उघडली. नक्षी नव्हती. घरातली खोली, खाटेवर अर्धवट घडी घातलेले कपडे, एका बाजूला लहान मुलाचं खेळणं, आणि एक बाई. कॅमेऱ्याकडे तोंड होतं, पण फोटोसाठी बसलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा तो नव्हता. फ्लॅश आरशात उमटला होता. फाइलच्या नावात तिचं पहिलं नाव होतं. त्या काळी डॉस या संगणकप्रणालीत नावाला आठच अक्षरं मिळत, म्हणून ते कापलेलं आणि पुढे एक आकडा. आकडा होता, याचा अर्थ आणखी फाइली होत्या. वर्णनाच्या ओळीत चढवणाऱ्याने ती त्याची पूर्वीची मैत्रीण असल्याचं लिहिलं होतं, आणि तिचं गावही.

मी फाइल काढली आणि सिसॉपला कळवलं. त्याने ती परत ठेवली. त्याचं उत्तर शांत होतं, उर्मट नव्हतं, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. हे चित्र कुठल्या मासिकाचं नाही, ज्याने काढलं त्यानेच दिलं आहे, म्हणजे कॉपीराइटच्या दृष्टीने आपल्याकडची सर्वांत निर्धोक फाइल हीच. मी हा वाद चर्चेच्या विभागात नेला. तिथे कॉपीराइटवर पोटतिडकीने लिहिणारे दोन्ही बाजूंचे लोक होते. त्यांतल्या बहुतेकांनी मला एकच विचारलं: तक्रार कोणाची आहे? मालक कोण? ती बाई बोर्डाची सभासद नव्हती, तिला हे ठाऊकही नसणार, आणि कायद्याने त्या फोटोची मालक ती नव्हतीच. मी ते काम सोडलं. फाइल तिथेच राहिली.

म्हणजे खटल्याच्या धाकाने काय झालं ते पाहा. ज्यांनी करार करून, पैसे घेऊन फोटो दिले होते त्यांची चित्रं निघाली. ज्यांनी कधीच होकार दिला नव्हता त्यांची राहिली, आणि मोकळ्या झालेल्या डिस्कवर तशीच आणखी आली.

करार केलेल्यांचंही फार बरं चाललं होतं असं नाही. दिवसा प्रयोगशाळेत आमच्या पडद्यावर जे चाचणीचं चित्र असायचं तेही 'प्लेबॉय'चंच. नोव्हेंबर १९७२ च्या अंकातला लेना या स्वीडिश मुलीचा फोटो १९७३ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात खांद्यापर्यंत कापून स्कॅन केला गेला आणि चित्रांची फाइल लहान कशी करायची याचे प्रयोग जगभर त्यावर झाले. कंपनीला हे कळलं तेव्हा तिने हरकत घेतली, मग प्रसिद्धी लक्षात घेऊन सोडून दिलं. तो सोडून देण्याचा अधिकार कंपनीचा होता. लेनाला १९९७ मध्ये बॉस्टनच्या परिषदेत पाहुणी म्हणून बोलावलं, कौतुक झालं. पुढे तिने स्वतःच सांगितलं की मॉडेलिंगमधून मी केव्हाच निवृत्त झाले, आता तंत्रज्ञानातूनही निवृत्त होऊ द्या. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या कॉम्प्युटर सोसायटीने १ एप्रिल २०२४ पासून ते चित्र असलेले निबंध घेणं बंद केलं. फोटो निघून तेव्हा पन्नासहून जास्त वर्षं झाली होती.

तिने सही केली होती ना, पैसे मिळाले ना, असं मला अनेकदा ऐकवलं गेलं आहे. सही करताना डोळ्यांसमोर एका महिन्याचा अंक होता. तो अंक दुकानात येतो, महिन्याने मागे पडतो, रद्दीत जातो. आठ अक्षरांच्या नावाची, कधीही न मरणारी फाइल त्या मुलींपैकी कोणाच्याही कल्पनेत असणं शक्य नव्हतं. पण निदान त्यांच्या बाजूने उभं राहायला एक कंपनी होती, मग तिचा हेतू स्वतःचा धंदा राखण्याचा का असेना. खाटेवरच्या त्या बाईच्या बाजूने उभं राहील असं कॉपीराइटच्या कायद्यात काहीच नव्हतं.

हे जुनं म्हणून सोडून देता येत नाही. १९९८ च्या कायद्याखालची सूचना मालक किंवा त्याने नेमलेला माणूसच देऊ शकतो. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं अमेरिकेत बायकांना स्वतःचे खासगी फोटो काढून टाकायला कॉपीराइटचाच आधार शोधावा लागला: फोटो मीच माझ्या हाताने काढला, म्हणून मी मालक, म्हणून काढा. दुसऱ्याने काढला असेल तर तोही मार्ग बंद. फसवून एका चित्रफितीत घेतलेल्या आणि त्यापायी जिवे मारण्याच्या धमक्या आलेल्या अभिनेत्रीलाही २०१५ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितलं की तुमचा त्यातल्या कामावर स्वतंत्र कॉपीराइट नाही. मालकीचा कायदा एवढंच म्हणू शकतो. त्याला दुसरं विचारलेलंच नसतं. १९ मे २०२५ रोजी अमेरिकेत 'टेक इट डाउन' कायद्यावर सही झाली. त्यात संमतीशिवाय टाकलेलं खासगी चित्र, यंत्राने बनवलेलं बनावटसुद्धा, जिचं आहे तिने कळवल्यापासून ४८ तासांत काढायचं आहे. फोटोचा मालक कोण, हा प्रश्न तिथे येत नाही. बुलेटिन बोर्डांच्या दिवसांत हीच मागणी मी केली तेव्हा लोकांना ती समजलीही नव्हती.

हा कायदा नीट राबेल का, त्याचा गैरवापर करून कोणी टीकेचा मजकूर काढायला लावेल का, या शंका अमेरिकेत घेतल्या जात आहेत आणि त्या रास्त आहेत. त्यांच्यावर वाद व्हावा. फक्त या वेळी चित्रातली व्यक्ती त्या वादात पक्षकार असावी.

आपल्या लेखमालेचा पुढचा भाग न्यायालयीन लढायांवर असल्याचं चौकटीत म्हटलं आहे. लेखकांना माझी विनंती आहे की फ्रेना आणि 'रस्टी अँड एडीज'चे निकाल सांगताना ते कंपनी विरुद्ध सिसॉप एवढ्यावर थांबवू नयेत. त्या बोर्डांवर ज्यांची चित्रं कुठल्याच कंपनीच्या मालकीची नव्हती म्हणून राहिली, त्यांच्यावरही एक परिच्छेद लिहावा. त्यासाठी माझ्याकडची त्या वेळची टिपणं आणि चर्चेच्या छापील प्रती, नावं झाकून, द्यायला मी तयार आहे.

कळावे,

आपली एक वाचक
(निवृत्त संगणक अभियंता)