ताडोबाचा वाघ मराठीत कधी ऐकायला मिळणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या पेपरची जुनी वाचक, मानेवाडा भागात राहते, घरीच शिवणकाम करते. याआधी पेपरला कधी पत्र लिहिलं नाही, पण मागच्या महिन्यात घरात एक गोष्ट झाली आणि ती काही केल्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून आज मशीन बंद करून लिहायला बसले.

आमच्याकडे रात्री जेवणं झाली की सिरियल लागत नाही, डॉक्युमेंट्री लागते. वाघ, हिमालय, समुद्राचा तळ, जुने किल्ले, महायुद्धातले हेर, जे लागलं असेल ते. सुरुवात ह्यांनी केली, मग पोराला नाद लागला, आता मलाच जास्त आवडतं. नूर इनायत खानची गोष्ट मी काज-बटण करता करता बघितली होती, टिपू सुलतानच्या वंशातली ही मुलगी 1943 साली वायरलेस सेट चालवायला जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरली, सोबतचे लोक एकेक करून पकडले गेले तरी ती निरोप पाठवत राहिली, शेवटी तिलाही धरलं आणि 1944 मध्ये डाखाऊच्या छळछावणीत मारून टाकलं. त्या रात्री हातातला ब्लाउज तसाच राहिला, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं तेव्हा खरं कारण सांगितलं, तर ती बाईपण अर्धा तास बसून ऐकत होती. म्हणजे लोकांना असं बघायला आवडत नाही, सगळ्यांना सासू-सुनांची भांडणंच पाहिजेत, असं जे म्हणतात ते मला पटत नाही.

तर झालं असं की माझी आई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली होती. माहेर चिमूर तालुक्यातलं, ताडोबाच्या बफरला, म्हणजे जंगलाच्या बाहेरच्या पट्ट्याला, लागून गाव, आईचं सगळं आयुष्य तिथंच गेलं. एका रात्री टीव्हीवर ताडोबाचा कार्यक्रम लागला, पोरगा ओरडला, आजी ये लवकर, तुझं जंगल लागलं. आई काठी टेकत येऊन अगदी पुढे बसली. वाघीण पाणवठ्यात मागच्या बाजूनं उतरून बसलेली, चित्र इतकं साफ की मिशांवरचं पाणी दिसत होतं. आणि वरून हिंदीत जाड आवाजाचा माणूस बोलतोय, मौत, शिकार, सल्तनत असं काहीतरी, त्यावर ढोल. आई दोन मिनिटं बघून मला म्हणाली, "काय सांगून राहिला गं तो?" आईला हिंदी बाजारापुरती समजते, ही टीव्हीवरची भारी हिंदी नाही समजत. मी सांगायला लागले तर माझंच अर्धं सुटायचं.

मग मागून कुठून तरी भुंकल्यासारखा आवाज आला. पोरानं विचारलं, जंगलात कुत्रा कसा काय? आई म्हणाली, "कुत्रा नाही रे बाबू, भेकर हाय ते. त्यानं वाघ पाह्यला." आणि मग ती सांगायलाच लागली, वानर झाडावरून कसं खाकरतं, चितळ एखाद्या वेळी उगीचच बिचकतं पण सांबर ओरडलं की समजायचं वाघ नक्की आहे, आणि अशा वेळी बायकांनी एकमेकींना हाका मारत कसं मागं फिरायचं. पोरानं टीव्हीचा आवाज बंद केला. चित्र टीव्हीवर आणि बोलणं आजीचं, असा आम्ही तो कार्यक्रम शेवटपर्यंत बघितला. खरं सांगते, इतका चांगला कार्यक्रम मी आजपर्यंत बघितलेला नाही.

शेवटी आईनं एक प्रश्न विचारला, "यात आमचे लोक कुठं हायत?"

मला उत्तर देता आलं नाही. कार्यक्रमात उन्हाळा दाखवला, पानगळ दाखवली, मोहाचं झाड पण एकदा दिसलं, पण मोह वेचणारी एक बाई नाही दिसली. मोहाची फुलं रात्री गळतात, ती उजाडायच्या आत वेचावी लागतात नाहीतर जनावरं खाऊन जातात, म्हणून बायका अंधारातच टोपली घेऊन निघतात. फुलं दिसावी म्हणून काही जण झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून वणवा लागतो, हेही खरं आहे आणि तेही दाखवलंच पाहिजे. मोह संपला की मे महिन्यात तेंदूपत्ता. दोन्ही कामं वाकून करायची, आणि वाकलेलं माणूस वाघाला लांबून माणसासारखं वाटत नाही असं वनखात्याचे लोकपण गावात येऊन सांगतात. दर उन्हाळ्यात चंद्रपूर जिल्ह्यातून बातम्या येतात, तुमच्याच पेपरात येतात, मी वाचते आणि आधी गावाचं नाव बघते. वाघ वाचला पाहिजे हे आईला कोणी शिकवायची गरज नाही, गावच्या शिवेवर वाघोबा आहे, त्याला नारळ फोडल्याशिवाय ती जंगलात पाय टाकत नाही. पण त्याच वाघाच्या गोष्टीत तिला जागाच नाही हे तिला लागलं.

ताडोबा हे नावसुद्धा एका माणसावरून पडलंय. तारू म्हणून गावचा गोंड प्रमुख होता, वाघाशी झुंज देताना गेला, लोकांनी त्याला देव मानलं, तळ्याच्या काठी त्याचं ठाणं आहे आणि पौषात तिथं जत्रा भरायची, अशी गोष्ट आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, 1995 साली व्याघ्र प्रकल्प झाला, आता जगभरातून लोक जिप्सीत बसायला येतात. कार्यक्रमात तळं चार वेळा दाखवलं, तारूचं नाव एकदाही नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या सेट-टॉप बॉक्सवर भाषेचं बटण आहे, ते दाबलं की त्या चॅनेलला हिंदी येते, इंग्रजी येते, तमिळ, तेलुगू येते, मराठी येत नाही. कस्टमर केअरला फोन लावला तर म्हणाले मॅडम आमच्या हातात नाही. मग कोणाच्या हातात आहे? तमिळ, तेलुगू लोकांना त्यांच्या भाषेत मिळतं ह्याचा मला आनंदच आहे, पण वाघ चंद्रपूरचा आणि चंद्रपूरच्या म्हातारीला तो तिच्या भाषेत ऐकायला मिळू नये हे कसं?

आणि हे पूर्वी होत नव्हतं असंही नाही. माझे वडील सांगायचे, टॉकीजला पिक्चर सुरू व्हायच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची डॉक्युमेंट्री लागायची, शेतीची, धरणाची, आणि ती कितीतरी वेळा मराठीत असायची. 1948 साली, देश नुकता स्वतंत्र झालेला, हातात पैसा नाही, तरी सरकारनं हे काम सुरू केलं आणि वेगवेगळ्या भाषांत आवाज भरून गावोगावी पाठवलं. आज एवढे चॅनेल, एवढे मोबाईल, तर एक मराठी आवाज भरणं जड का जावं?

काही लोक म्हणतात मराठीत शब्द नाहीत, कृत्रिम वाटतं. हे मला अजिबात मान्य नाही. मारुती चितमपल्ली साहेबांनी वनखात्यातल्या नोकरीची कितीतरी वर्षं विदर्भाच्या जंगलात काढली आणि बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार, कावळ्यांच्या वसाहतीला काकागार असे शब्द मराठीला दिले. आणि ते सोडा, माझ्या आईकडेच किती शब्द आहेत, नीलगाईला रोही म्हणते, वानराचं खाकरणं वेगळं आणि सांबराचं ओरडणं वेगळं. लिहिणाऱ्यानं दोन महिने गावात जाऊन राहावं, शब्द आपोआप मिळतील.

इतिहासाचंही तसंच आहे. माझं सासर हिंगणघाटचं, लग्नाला वीस वर्षं झाली, तिकडे जाणं-येणं नेहमीचं. मागे एकदा भारताच्या मोजणीवर कार्यक्रम लागला होता, 1802 साली मद्रासहून मोजणी सुरू झाली, अर्धा टन वजनाचं यंत्र डोंगरांवर चढवत विल्यम लॅम्बटन वीस वर्षं वर सरकत होता, आणि 1823 च्या जानेवारीत नागपूरकडे येताना हिंगणघाटला वारला. मी सुई खाली ठेवली. त्याची कबर हिंगणघाटला आहे, नागपूरहून पंच्याहत्तर किलोमीटर, आणि सासरी कोणाला विचारलं तर कोणाला माहीत नाही. कार्यक्रमात हिंगणघाट हा शब्द एका सेकंदात येऊन गेला, तोही नीट उच्चारला नाही.

त्याच कार्यक्रमात पुढे पंडित नैनसिंग रावत होते, कुमाऊंचे, 1865 साली ह्याच मोजणी खात्यानं त्यांना वेष बदलून तिबेटला पाठवलं. एकशे आठ मण्यांच्या जपमाळेत शंभरच मणी ठेवलेले, शंभर पावलं झाली की एक मणी सरकवायचा, म्हणजे एक माळ झाली की दहा हजार पावलं. मोजलेलं कागदावर उतरवून प्रार्थनाचक्राच्या आत लपवायचं. असं चालत चालत ते ल्हासाला पोचले. माझ्या पोरानं दुसऱ्या दिवशी देवघरातली माळ घेऊन घरापासून चौकापर्यंतची पावलं मोजली. भूगोलाच्या पुस्तकानं जे झालं नाही ते एका तासाच्या कार्यक्रमानं झालं.

सीताबर्डीची लढाई आहे, 1817 च्या नोव्हेंबरची, त्या टेकडीखालून आपण रोज मेट्रोनं जातो. लोणारचं सरोवर आहे, उल्का पडून झालेलं, 2020 च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं होतं. मुंबईचे बिबटे रात्री डुकरं कशी मारतात हे बीबीसीवाले येऊन शूट करून गेले, 2016 साली अख्ख्या जगानं बघितलं. तेवढी मेहनत घ्यायला आपल्याकडे माणसं नाहीत का? आहेत, मी ह्याच शहरात फोटोग्राफर पोरं बघते जी उन्हाळाभर उमरेड कऱ्हांडलाच्या जंगलात पडलेली असतात.

एक तक्रार मात्र आहे. इतिहासाच्या कार्यक्रमात नट उभे करून प्रसंग दाखवतात आणि हे नाट्यरूप आहे अशी पाटीसुद्धा धड दिसेल अशी लावत नाहीत. बहिर्जी नाईकांसारख्या माणसाबद्दल मुळात लिहिलेलं फार थोडं आहे, हेरच होते ते, मग तिथे कागदात काय सापडतं आणि आपण काय रचलं हे स्पष्ट सांगायलाच पाहिजे. पोरं टीव्हीवर बघितलेलं परीक्षेत लिहून येतात हो.

तुमच्याकडे माझी एकच विनंती आहे. टीव्हीच्या पानावर रोज सिरियलमध्ये पुढे काय होणार ते येतं, तिथे आठवड्यातून एकदा चार ओळींची जागा द्या, की कुठल्या चॅनेलवर, किती वाजता, कुठली डॉक्युमेंट्री मराठीत आहे. आणि ज्या आठवड्यात एकही नसेल त्या आठवड्यात "या आठवड्यात एकही नाही" असं छापा. चॅनेलवाले पेपर वाचत असतीलच.

आई आता गावी परत गेलीय, गुडघा बरा आहे. मोहाला जाऊ नको म्हणून सांगितलंय, ऐकेल असं वाटत नाही.

आपली नम्र,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर