सुभेदार काका, पैसे नको म्हणालात, आता आभार तरी घ्या

सुभेदार काका, नमस्कार.

आजोबांची रायफल दुरुस्त करून दिलीत त्याबद्दल फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून फोन कापता, त्यामुळे म्हटलं लिहूनच टाकावं, चार लोकांना कळलं तर कळू दे. नाव टाकू नको असं तुम्ही बजावलंय ते पाळतोय. पण सातारा भागात ज्यांच्या घरात परवान्याची जुनी बंदूक आहे ते ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या आजोबांची .315 ची स्पोर्टिंग रायफल, बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी बंदूक कारखान्यातली. इंग्रजांच्या काळात .303 हे लष्कराचं बोअर, ते साध्या माणसाला मिळायचं नाही, म्हणून लष्कराच्या त्याच ली-एनफिल्ड रायफलीच्या अंगावर 8 एमएम मॅनलिखरचं काडतूस बसवून .315 निघाली आणि स्वातंत्र्यानंतर इशापूरनं ती चालू ठेवली. आजोबा जावळीच्या रानात हाक्याच्या शिकारीला जायचे तेव्हा हीच खांद्यावर. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आमच्याकडची शिकार बंद झाली. तेव्हापासून ती वर्षातून एकदा खंडेनवमीला बाहेर येते, हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल वाहिलं जातं, परत कपाटात. आजोबांच्या मागे परवाना वडिलांच्या नावावर झाला, आता माझ्या.

मागच्या निवडणुकीत नियमाप्रमाणे जमा केली ती परत आली बटाच्या, म्हणजे खांद्याला टेकायच्या मागच्या लाकडाच्या, मानेपाशी तडा घेऊन. कोणी पाडली, कधी पाडली, काही नाही. "आधीच असेल साहेब, जुनी आहे ना." बरं, जुनी आहे. सही करा आणि न्या.

मग सुरू झाली आमची वरात. एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानात मालकानं रायफलकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणाला याचे पार्ट येत नाहीत, नवीन घ्या, ही जमा करून टाका. दुसऱ्यानं "लाकूडच आहे हो, सुताराकडून करून घेऊ" म्हणत शिसवीचा एक बट करून आणला, वर मेलामाइन पॉलिश, दिसायला एकदम दिवाणखान्यातल्या सोफ्याचा हात. त्या लाकडाची शीर मानेत आडवी गेली होती, म्हणजे तिथं ते मोडणारच, हे मला तेव्हा कळलंच नाही, तुम्ही नंतर बोट फिरवून दाखवलीत. आणि तो बसवायला जुना बट काढताना त्या शहाण्यानं मागून लांब स्क्रूड्रायव्हर घातला आणि लावला जोर. कट्ट असा आवाज आला आणि नळीखालचं पुढचं लाकूडपण गेलं. एक तडा घेऊन गेलो होतो, दोन घेऊन आलो, वर बिल. बिलावर "सर्व्हिसिंग" लिहिलं होतं.

राग पैशाचा नव्हता काका. माहीत नसणं हा काही गुन्हा नाही, "मला हे येत नाही" एवढं म्हणायला काय जातं माणसाचं?

तुमच्याकडे आलो तेव्हा खरं तर आशा सोडली होती. तुम्ही बसता त्या दुकानाच्या मागच्या खोलीत तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून बसलेले, समोर पांढरंशुभ्र फडकं अंथरलेलं. रायफल हातात दिली तर आधी मॅगझिन काढलंत, चेंबर रिकामं आहे का ते डोळ्यांनी बघितलंत, करंगळी घालून बघितलंत, आणि मग फुटलेल्या जुन्या बटाचा वरचा भाग अंगठ्यानं पुसून म्हणालात, "आजोबा ठेंगणे होते का रे तुझे?"

मी गारच. हो, होते. पाच फूट दोन इंच असतील, गावात त्यांना बुटके पाटील म्हणायचे. तुम्ही बटावर मारलेला तो कसाबसा दिसणारा इंग्रजी एस दाखवलात, एस म्हणजे शॉर्ट. या जातीत बट वेगवेगळ्या लांबीचे यायचे, नेहमीचा एक, त्याहून अर्धा इंच आखूड तो शॉर्ट, त्याहूनही आखूड तो बँटम, आणि अर्धा इंच जास्तीचा लाँग. आखूड हाताच्या माणसाला नेहमीचा बट दिला की गाल पुढे पोचत नाही आणि खांद्याला मार बसतो. म्हणजे आजोबांनी तो बघून, निवडून घेतला होता. आमच्या घरात कोणालाच हे माहीत नव्हतं, वडिलांनाही नाही. इतकी वर्षं फूल वाहत होतो आणि त्या लाकडात आजोबांच्या हाताचं माप होतं.

मी म्हटलं काका, मी सहा फुटाला थोडा कमी आहे, मला नेहमीचा चालेल, मिळेल तो लावा. तर तुम्ही म्हणालात, "तू कुठं शिकारीला जाणारेस? रायफलला जो होता तोच लागणार." झालं. त्यावर बोलायची माझी टाप नव्हती.

मग महिने गेले. मधेमधे तुमचा फोन, "अजून नाही रे." एकदा एक मिळालेला तुम्हीच नाकारलात, मानेत गाठ आहे म्हणून. शेवटी कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावरून खरा अक्रोडाचा, एस मारलेला, कधीच न वापरलेला बट तुम्ही शोधून काढलात. कसा, कोणाकडून, किती फोन करून ते तुम्ही सांगत नाही आणि मीही आता विचारत नाही.

बसवताना मला शेजारी बसवून घेतलंत. या रायफलीत बट धरून ठेवणाऱ्या लांब बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं, ते पुढच्या लाकडाच्या मागच्या पट्टीत अडकून बसतं, म्हणून पुढचं लाकूड आधी उतरवल्याशिवाय मागचा बोल्ट फिरवायचाच नाही, फिरवला की लाकूड फाटलंच. तो कट्ट आवाज त्याचा होता. ईएमईत, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागात, पोरगा आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, म्हणून लागला की हे आधी डोक्यात घालायचे असं तुम्ही म्हणालात, आणि त्या दुकानदाराबद्दल एक शब्द बोललात तो इथं लिहिता येत नाही. पुढचं लाकूड मात्र तुम्ही टाकू दिलं नाहीत. तडा चिकटवून, आतून बारीक पितळी पिन मारून, जिथं गोळीचा धक्का लाकडावर येतो त्या दोन्ही बाजू सारख्या टेकतात का ते काजळी लावून पुनःपुन्हा बघत बसलात. वरून पॉलिश नाही, जवसाचं तेल, तळहातानं चोळून.

पण मला खरं लिहायचंय ते त्या चकतीबद्दल.

जुन्या बटात, बोल्टच्या डोक्यावर चामड्याची एक चकती होती. रुपयाएवढी असेल. काळी पडलेली, वाळून कडक झालेली, कडेला कुरतडल्यासारखी. ती का असते तर बटाच्या भोकात तेलाची बाटली ठेवायचे, ती लोखंडावर वाजू नये म्हणून. आता ना बाटली आहे ना काही वाजायचं आहे. आधीच्या त्या दुकानदारानं ती एका कळकट वाटीत स्क्रूंबरोबर टाकलेली, मी घरी येऊन बघितली तर कचरा वाटला, पण स्क्रूंना चिकटली होती म्हणून राहिली. तुम्ही ती वाटीतून चिमटीनं उचललीत, उजेडात धरलीत, आणि काही न बोलता तेलाच्या झाकणात ठेवून दिलीत. मी पुढच्या वेळी आलो तेव्हा ती मऊ झाली होती, कडा सारख्या केल्या होत्या. बट बसला, बोल्ट आवळला, आणि मग तुम्ही ती चकती काठीच्या टोकावर घेऊन आत सरकवलीत, दोनदा हलकेच दाबलीत. मी विचारलं काका, नवीन कापून नसती का झाली? तुम्ही म्हणालात, "ही आहे ना." आणि बट प्लेटचा स्क्रू लावायला घेतलात.

ती चकती कोणाला दिसणार नाही. मला दिसणार नाही, माझ्या पोरांना दिसणार नाही, बट परत कोणी उघडेल तेव्हाच. तुम्ही ती नसती घातली तर मला आयुष्यात कळलं नसतं. गाडीत बसल्यावर मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. बायको म्हणाली रायफल नीट झाली ना मग रडतोस काय.

तुमच्यासारखी माणसं आता कमी झालीत असं लोक म्हणतात, मला तसं वाटत नाही. एसटीच्या डेपोत, सरकारी प्रेसमध्ये, पाणीपुरवठ्याच्या पंपावर अशी माणसं बसलेली असतात, न बघणाऱ्या गिऱ्हाइकासाठीपण काम नीट करणारी. त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत मधे चार जण "येत नाही, मिळत नाही, नवीन घ्या" म्हणणारे भेटतात आणि आपण तिथूनच परत फिरतो. मीही फिरलोच होतो, तुमचा पत्ता आधीच्या दुकानातल्या पोऱ्यानं मालक जेवायला गेल्यावर दिला. त्याचेही आभार, तोही भला.

असो. खंडेनवमीला तुम्हाला आणि काकूंना यायचंय. पूजेला रायफल तुमच्या हातानं ठेवायची, आईनं तसं सांगितलंय आणि आमच्याकडे आईपुढे कोणाचं चालत नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मटण आहे, तेव्हा मुक्कामाच्या तयारीनं या. आणि काकूंनी मला आधीच फोन करून तुमच्या शुगरचा रिपोर्ट वाचून दाखवलाय, त्यामुळे बासुंदी मिळणार नाही, आधीच सांगतो, तिथं येऊन भांडायचं नाही.

तुमचा,
बुटक्या पाटलांचा नातू