आयसीयूबाहेर भेटलेल्या सगळ्यांचे आभार

बाबांच्या आजारपणात ठाण्यात जे धावून आले, त्यांची नावं विचारायचीही शुद्ध नव्हती. म्हणून हे जाहीर आभार. प्लेटलेट्स द्यायला अर्ध्या रात्री घोडबंदरहून आलेला मुलगा, भाडं न घेता गेलेले रिक्षावाले काका, नाइट शिफ्टच्या सिस्टर, सगळ्यांचे.

एका मावशींबद्दल मात्र थोडं जास्त. मसुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चला जातात, एवढंच कळलं. 'देवाची इच्छा' वगैरे त्या एकदाही बोलल्या नाहीत (ते ऐकून कान किटले होते). मी म्हटलं, प्रार्थना सुचतच नाही, नुसती भीती वाटते. त्यांनी रबर लावलेलं जुनं बायबल उघडून ८८वं स्तोत्र वाचलं. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. मग म्हणाल्या, "बाळा, येशूनेसुद्धा क्रुसावर २२व्या स्तोत्रातलीच तक्रार केली, 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' तू पण भांड त्याच्याशी." आणि पेजेचा डबा पुढे केला, सोबत लिंबाचं लोणचं.

बाबा आता घरी आहेत, बोलणं अजून अडखळतं. मावशी, रविवारी चर्चमधली मिस्सा (प्रार्थना) सुटल्यावर दारात थांबते. ओळख दाखवा.