फ्लेक्सवरची स्टिक चुकलीय साहेब! क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री महोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, परवा सकाळी सव्वासहाला माझ्या नातवाची हनुवटी फुटली. चार टाके पडले. तेरा वर्षांचा आहे, हॉकीत लेफ्ट हाफला खेळतो. चेंडूमागे धावताना टर्फच्या, म्हणजे मैदानावरच्या नकली गवताच्या, उसवलेल्या जोडात बूट अडकला आणि पोरगं तोंडावर आपटलं. हा जोड दीड वर्षापासून उसवलाय. आधी बोट जायचं, आता पंजा जातो. मी घालून पाहिलाय. आत काळं रबर, त्यात साचलेलं पाणी, आणि कुणीतरी खूण म्हणून विटेचा तुकडा ठेवलाय. हॉकीच्या मैदानावर वीट!

मैदानाचं नाव लिहीत नाही. पोरांना उद्याही तिथंच खेळायचंय.

दोन वर्षांपूर्वी 29 ऑगस्टला, म्हणजे मेजर ध्यानचंदांच्या जयंतीला, याच मैदानावर एका पुढाऱ्यानं नारळ फोडला होता. ‘पुढच्या पावसाळ्याच्या आत नवीन टर्फ,’ असा शब्द दिला होता. त्यानंतर दोन पावसाळे झाले. त्यांचंही नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की ‘तो मी नव्हेच’ सुरू होतं. म्हणून हे पत्र माणसाला नाही, खुर्चीला लिहितोय. खुर्ची तरी जागेवर असते.

बरं, नवीन टर्फ राहू द्या, जुनं फाटलं कशानं? मांडवानं. कसलंसं महाशिबिर होतं. दोन दिवस टर्फवर खुर्च्या, ढोल आणि बिर्याणीची पातेली होती. मांडवाचे बांबू रोवायला भोकं पाडली, ती नंतर सिमेंटनं बुजवली. डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, तोंडाशी अशी पाच भोकं आहेत. पेनल्टी कॉर्नरचा चेंडू त्यावर आदळला की कुठंही उडतो. गोलकीपर पोरगी मला म्हणाली, ‘आजोबा, बांबूच्या बाजूला उभं राहू की चेंडूच्या?’ मी काय सांगणार?

2025 च्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, 7 सप्टेंबरला, राजगीरला आपण कोरियाला 4-1 हरवून आशिया कप जिंकला. 2026 च्या वर्ल्ड कपचं तिकीट मिळालं. आनंदच आहे. मी टीव्हीसमोर उभा राहून ओरडलो, गुडघा दुखत असताना. सकाळी चौकात फ्लेक्स हजर. कर्णधार हरमनप्रीतचा चेहरा नखाएवढा, खाली इच्छुकांचे चौदा चेहरे कलिंगडाएवढे. आणि मधे जी स्टिक छापलीय ना साहेब, ती बर्फावरच्या हॉकीची आहे. टर्फवर मांडव घालतात ते उगाच नाही. खेळ कोणता हेच माहीत नाही.

आता थोडा इतिहास ऐका. आकडे आठवणीतून लिहितोय, चूक असेल तर तुमच्या पीएनं तपासावी, त्याला त्याचाच पगार मिळतो. 1928 ते 1956 सलग सहा ऑलिंपिक सुवर्णं, मग 1964 आणि 1980. आठ झाली. एकूण पदकं मी बारा लिहिली होती. नातू टाक्यांतून पुटपुटला, ‘तेरा आजोबा, साठचं रौप्य विसरलात.’ बरोबर आहे त्याचं. 1975 ला क्वालालंपूरला पाकिस्तानला 2-1 हरवून वर्ल्ड कप जिंकला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. खडकीत पेढे वाटले होते. पुढच्याच वर्षी माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा टर्फवर गेली आणि आपण सातवे आलो. सातवे! 1980 ला मॉस्कोत सुवर्ण मिळालं, पण निम्म्या जगाचा बहिष्कार होता. त्यानंतर टोकियोपर्यंत, म्हणजे 41 वर्षं, ऑलिंपिकमध्ये काही नाही. 2008 ला तर पात्रसुद्धा ठरलो नाही. 2012 ला लंडनला बारा संघांत बारावे. वर्ल्ड कपचं पदक पंच्याहत्तरनंतर अजून बघतोय. 2023 ला घरच्या मैदानावर, भुवनेश्वरला, न्यूझीलंडनं शूटआउटमध्ये बाहेर काढलं.

हे का झालं यावर विद्वानांनी खूप लिहिलंय. माझं साधं आहे. पोरं मुरमावर शिकली आणि टर्फवर खेळायला गेली. मुरमावर चेंडू उसळतो, टर्फवर सुसाट सरपटत येतो. हात, डोळे, पाठीचा वाक, सगळं वेगळं. मी स्वतः मुरमावरचा. कारखान्याच्या टीमकडून बारा वर्षं खेळलो, पहिल्यांदा टर्फवर पाय ठेवला तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि पहिल्या दहा मिनिटांत तीन चेंडू पायाखालून गेले. कोच काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. ते बघणं अजून आठवतं. त्यानंतर मला टीममध्ये घेतलं नाही. आता गुडघ्याची वाटी झिजलीय, जिना चढताना कटकट वाजते, आणि बायको म्हणते, ‘हॉकीनं तुम्हाला एवढंच दिलं.’

याच खडकीतून धनराज पिल्ले गेला. मोडक्या स्टिक जोडून खेळत मोठा झालेला पोरगा चार ऑलिंपिक खेळला आणि 1998 ला कर्णधार म्हणून एशियन गेम्सचं सुवर्ण घेऊन आला. भाषणात तुम्ही लोक त्याचं नाव घेता. मोडक्या स्टिकचं कौतुक वाटतं तुम्हाला. मला लाज वाटते.

त्या टर्फसाठी ऑफिसात मी अकरा चकरा मारल्या. बारा असतील, हिशोब बायकोकडं आहे. दोन बस बदलून जायचं. साहेब मीटिंगला. साहेब साइटवर. साहेबांची बदली. एकदा साहेब सापडले तर म्हणाले, ‘काका, फाईल वरती आहे.’ मी खरंच वरच्या मजल्यावर गेलो. लिफ्ट बंद होती. वरती झेरॉक्सचं मशीन होतं आणि एक बाई डबा खात होत्या. त्यांनी मला भाकरी विचारली. त्या ऑफिसात माणुसकीनं बोललेलं तेवढं एकच माणूस.

ओडिशासारखं राज्य 2018 पासून देशाच्या हॉकी संघाचा खर्च उचलतंय. आणि आमच्या श्रीमंत महाराष्ट्रात पाणी मारायचा पाइप फुटलाय म्हणून टर्फ कोरडं! कोरड्या टर्फवर घसरलं की कातडी सोलून निघते. पोरांच्या गुडघ्यांचे फोटो पाठवू का? खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला वर्गणी काढावी लागली. त्यांच्या 1952 च्या पदकानंतर मराठी माणसाचं दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक यायला नेमबाज स्वप्नील कुसाळेपर्यंत 72 वर्षं गेली. पदक आलं की बक्षीस, नोकरी, उघडी जीप. त्याच्या आधीची पंधरा वर्षं मात्र आईबापानं बघायची. पिकल्यावर वाटा मागायला सगळे, पाणी घालायला कोणी नाही. शाळेची मैदानं पार्किंगला, पार्किंगच्या जागा बिल्डरला, आणि पीटीचा मास्तर निवडणुकीच्या कामाला! पॅरिस ऑलिंपिकला आपली पोरं ब्रिटनविरुद्ध लाल कार्डानंतर दोन क्वार्टरहून जास्त वेळ दहा जणांनी लढली आणि शूटआउटमध्ये जिंकली. इथं आमच्याकडं अकरा आहेत साहेब, मैदान नाही.

मागणं काय होतं ते राहूनच गेलं. जोड शिवा. पाइप बदला. टर्फवर मांडव नको. नवीन टर्फ नंतर द्या, मी काय लगेच मरत नाही.

नातवाचे टाके गुरुवारी काढणार आहेत. शुक्रवारी तो परत जाणार म्हणतो. मी नको म्हटलं, तर त्यानं स्टिक अंथरुणात घेतलीय.

कळावे,
खडकीचा एक निवृत्त फिटर

ता. क. चौकातला फ्लेक्स उतरवाल तेव्हा त्याचे बांबू आम्हाला द्या. गोलमागची जाळी लोंबतेय, तिला टेकू हवाय. बांबू टर्फच्या बाहेर रोवू, काळजी नसावी.