निर्लेखनाआधी सीपीयू उघडून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळेच्या पडवीत एकावर एक रचलेल्या जुन्या संगणकांचा फोटो आपल्या अंकात बघितला. खाली ओळ होती, ‘नादुरुस्त, निर्लेखनाच्या प्रतीक्षेत’, म्हणजे दप्तरी नोंदीतून कमी करून भंगारात काढायचे. त्यातला एक सीपीयू थेट आमच्या वाचनालयातल्यासारखा दिसला आणि राहवलं नाही.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात ‘क’ वर्ग वाचनालयाची ग्रंथपाल आहे. आमचा संगणक २०१० सालचा. साडेचार हजार पुस्तकांच्या नोंदी मी तीन उन्हाळे बसून त्यात भरल्या. यंदा मे महिन्यात एका सकाळी बटण दाबलं, सीपीयूचा हिरवा दिवा लागला, पंखा घरघरला, पण पडदा काळा तो काळाच.

तालुक्याच्या गावाहून दुरुस्तीवाला आला. दोनदा बटण दाबून बघितलं, झाकणाचा एक स्क्रूही काढला नाही आणि म्हणाला, “बोर्ड गेला मॅडम. याच्यात आता काई राम नाई राह्यला.” बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, सीपीयूतली मुख्य पाटी. दुसरा जुना बोर्ड टाकायचे ३,८०० रुपये, नाहीतर आहे तसा ५०० रुपयांत तोच घेऊन जाईल. आमचं अनुदान दोन हप्त्यांत येतं आणि दुसरा हप्ता कधी येईल ते विचारायचं नसतं. कार्यकारिणीने प्रोसिडिंग बुकात निर्लेखनाचा ठराव लिहायला घेतला होता.

माझ्या जावेचा मुलगा आयटीआयला आहे. सुटीत आलेला. तो म्हणाला, “मोठ्याई, थांब वं जरा. आंधी मॉनिटर बिघडला का सीपीयू, थे तं पाहू.” त्याने मॉनिटरची केबल सीपीयूतून काढली, तर पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरं आली. म्हणजे मॉनिटर धडधाकट. मी केबलच्या पिना मोजल्या तर पंधराच्या जागी चौदा! मला वाटलं सापडला चोर. पण अशा केबलीत नववी पिन पुष्कळदा मुळातच नसते, असं पोराने सांगितलं. वाकलेली पिन मात्र बघायची.

खरी गंमत पुढे. प्लग काढून त्याने बटण पंधरा सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. मग झाकण उघडलं. आत गादी भरता येईल एवढी रुई आणि धूळ! शेजारच्या खोलीत हंगामात कापूस रचलेला असतो, त्याचे तंतू पंख्यात ओढले जातात. ब्रशने झाडून झाल्यावर त्याने लोखंडी सांगाड्याला हात लावला (अंगातली स्थिर वीज उतरवायला) आणि दोन्ही रॅमपट्ट्या (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्ट्या) काढून ठेवल्या. तशीच, रॅमशिवाय मशीन चालू केली. आतल्या स्पीकरमधून लांबलचक टूंऽऽ टूंऽऽ सुरू झालं. मी घाबरले, तो हसला. रॅम नाही अशी तक्रार बोर्ड करतोय, म्हणजे बोर्ड जिवंत आहे, प्रोसेसरही जिवंत आहे. मेलेला बोर्ड तक्रार कसा करेल?

पट्ट्यांचे सोनेरी दात काळपट पडले होते. माझ्या टेबलावरचं पाच रुपयांचं खोडरबर घेऊन त्याने ते हलक्या हाताने घासले, सुती फडक्याने पुसले, खाच ब्रशने साफ केली आणि एकच पट्टी दोन्ही टोकांच्या क्लिपा टक्‌ वाजेपर्यंत दाबून बसवली. बटण दाबलं. पडदा उजळला. मग दुसरी पट्टी. राम रॅममध्येच अडकला होता म्हणायचा!

घड्याळ २०१० साल दाखवत होतं; बोर्डावरचा गोल सेल संपलेला. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, चाळीस रुपयांत मिळाला. विंडोज सातच आहे. त्याचा आधार (कंपनीकडून येणाऱ्या सुरक्षेच्या सुधारणा) १४ जानेवारी २०२० ला बंद झाला हे मला ठाऊक आहे, पण या मशीनला इंटरनेट नाही आणि नोंदवहीला ते लागतही नाही.

काळा पडदा दर वेळी खोडरबराने उजळेल असं मी म्हणत नाही. बोर्डावरचे कॅपॅसिटर (वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्या) डोक्याकडून फुगले असतील तर जाणकारच हवा. सीपीयूतला पॉवर सप्लायचा डबा तर घरी उघडूच नये, प्लग काढल्यावरही त्यात झटका देण्याइतकी वीज राहते. पण बोर्ड गेला म्हणायला आधी बोर्ड बघायला तरी हवा ना?

म्हणून सुचवते. शाळा असो, ग्रामपंचायत असो की वाचनालय, संगणकाच्या निर्लेखन प्रस्तावात नुसतं ‘नादुरुस्त’ चालू नये. मॉनिटर वेगळा तपासला का, रॅम काढून बोर्ड आवाज देतो का, रॅम साफ करून बघितली का, सेल बदलला का, हे चार रकाने असावेत आणि खाली तपासणाऱ्याची सही. जवळच्या आयटीआयची पोरं हे काम एका दुपारी करतील, त्यांचं प्रात्यक्षिकही होईल. एवढं करूनही जे उठणार नाहीत ते भंगारवाल्याच्या गाड्यावर न जाता ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्रावर जावेत. त्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आमच्याकडे मात्र अजून भंगारवालाच येतो.

दात काळे कशाने पडले हे सांगायचं राहिलं. आमचा कूलर संगणकाच्या पाठीमागच्या खिडकीत होता, दिवसभर त्याची ओली हवा सीपीयूवर. आता तो दुसऱ्या खिडकीत हलवलाय. वर्तमानपत्र वाचायला येणारी म्हातारी मंडळी त्यावरून रोज कुरकुरतात, त्यांना वारा लागत नाही.

आपली,
एक ग्रंथपाल
ता. दारव्हा, जि. यवतमाळ